अपेक्षित एक, मिळाले दोन

मामा गेले त्या दुपारी सगळं ऑफिस कुजबुजत बोलत होतं, आणि ते खुसपटमुळे.

झालं असं, की जेवणाच्या सुट्टीनंतर खुसपटने मामांना कामातलं काहीतरी विचारलं. मामा खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून बसले होते. विचार करताना ते नेहमी तसेच बसायचे. त्यांनी डोळे न उघडता तळहात वर केला आणि म्हणाले, "थांब." हीही त्यांची जुनी सवय. आधी ‘थांब’, मग बऱ्याच वेळाने उत्तर. तळहात हळूच खाली आला, पण उत्तर काही येईना. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या या भाच्याने निष्कर्ष काढला, की आज विचार नेहमीपेक्षा खोल चाललाय. त्याने ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. लोक चवड्यांवर चालू लागले. चहाचा ट्रे आला, तोही कपबशा न वाजवता. दिवेलागणीला कुणाच्या तरी लक्षात आलं, की एवढा विचार कुणीच करत नाही.

त्यानंतर ऑफिसने खुसपटला मामांचं टेबल, मामांचा कॉम्प्युटर आणि मामांची खुर्ची दिली. दुःखात सहभागी व्हायची ऑफिसची ती पद्धत होती. शिवाय त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर जुना झाला होता. खुर्ची उत्तम होती, फक्त तिला एक खोड लागली होती. सकाळी उंच करून बसलं की ती मुंगीच्या पावलांनी खाली उतरत जायची. जेवायच्या वेळेपर्यंत खुसपटची हनुवटी टेबलाला टेकायची. दुरुस्तीवाल्याने उलटीपालटी करून सांगितलं, वजन जास्त होतंय. खुसपट अंगाने ओल्या छत्रीएवढा होता.

खुसपट हे नाव मामांनीच ठेवलेलं. लहानपणी स्वतःच्याच वाढदिवसाला, सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत असताना, केकवर एक मेणबत्ती कमी आहे असं सांगून त्याने कार्यक्रम थांबवला होता. मोठेपणी खुसपटं काढायची नोकरी मिळते हे कळल्यावर तो मामांच्या मागोमाग त्याच ऑफिसात चिकटला. प्रोग्रॅमच्या चाचण्या घ्यायच्या, चूक सापडली की आनंद आवरून ती नोंदवायची, एवढंच काम.

ऑफिसात जे बनत होतं ते दिसायला साधं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या निवासात प्रत्येक खोलीत एक बेल. आजी-आजोबांनी ती दाबली की परिचारिकेच्या फोनवर निरोप जायचा, तिने उत्तर दिलं की खोलीतल्या छोट्या पडद्यावर ते उमटायचं, आणि मग ती स्वतः यायची. मधला निरोप्या म्हणजे ब्रोकर नावाचा प्रोग्रॅम. इकडचा निरोप घ्यायचा, तिकडे टाकायचा, आत काय आहे याच्या भानगडीत पडायचं नाही, असा पोस्टमनचा स्वभाव.

आता चाचणी घेताना खऱ्या ब्रोकरशी खेळता येत नाही. तिथे सतरा जणांचे निरोप पडलेले असतात, कालचे शिळे असतात, कुणाचं काय कुणाला गेलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून चाचणीच्या आतच एक इवलासा ब्रोकर बसवतात. त्याला एम्बेडेड ब्रोकर म्हणतात. ऑफिसात सगळे त्याला ‘पोटातला’ म्हणत. चाचणी सुरू झाली की पोटातला जन्माला येतो, खोट्या खोलीतली खोटी बेल खोट्या परिचारिकेला पोचवतो, तिचं खोटं उत्तर परत आणतो, आणि चाचणी संपली की मरतो. दोन-चार श्वासांचं आयुष्य. लिहून काही ठेवत नाही, मागे काही सोडत नाही. पुढच्या चाचणीला पुन्हा कोराकरकरीत जन्म. मामा म्हणायचे, इतका निर्मळ जन्म माणसाला मिळाला असता तर निम्मे नातेवाईक सुखी झाले असते.

ही चाचणी मामांनीच लिहिलेली. बाकीच्या चाचण्यांना नुसते क्रमांक होते, हिला नाव होतं: ‘बेल वाजली की कुणीतरी आलंच पाहिजे.’ आणि खोट्या परिचारिकेला त्यांनी एकच उत्तर शिकवलं होतं. बेल कुणाचीही असो, तिने म्हणायचं, ‘येतो.’

यावर एकदा मोठी बैठक झाली होती. निवासाच्या व्यवस्थापकांनी विचारलं, ‘येतो’ म्हणजे माणूस येतोय की निघाला? दारात उभं राहून म्हटलं तर जाणं, फोनवर म्हटलं तर येणं, आणि आमच्या आजी-आजोबांनी काय समजायचं? शिवाय परिचारिका ‘येतो’ कशी म्हणेल? ‘येते’ करावं, तर पुरुष परिचारकांचं काय? कुणीतरी दोन्ही एकत्र करून मध्ये तिरकी रेघ द्यायचं सुचवलं. ते पडद्यावर अपूर्णांकासारखं दिसलं. शेवटी ‘मदत येत आहे’ असं ठरलं. त्यात नेमकं कोण येतंय हे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. मामांनी आपल्या चाचणीतला ‘येतो’ मात्र हलू दिला नाही. त्यांच्या घरात ‘जातो’ म्हणायला बंदी होती. एकाच शब्दात जाणंही भागतं आणि येणंही, मेमरी वाचते, असं ते म्हणायचे. शेवटच्या दिवशी सकाळीही ते मामीला ‘येतो’ म्हणूनच घराबाहेर पडले होते.

मामीला मात्र त्यानंतर खुसपट धड भेटलाच नव्हता. सुरुवातीला घरात गर्दी होती तेव्हा लोकांच्या पाठीमागे उभा राहून आला, तेवढंच. त्याची आई रोज फोनवर म्हणायची, अरे, मामी एकटी असते, जाऊन ये. तो म्हणायचा, जातो. आई म्हणायची, जातो नाही रे, येतो म्हण. मग तो ‘येतो जाऊन’ म्हणायचा आणि जायचा नाही. मामी विचारेल, तू शेजारीच होतास ना, मग काय केलंस? आणि सांगावं लागेल की मी सगळ्यांना हळू बोलायला लावलं. यापेक्षा खुर्चीबरोबर खाली खाली गेलेलं बरं, असं त्याला वाटायचं.

अशात मामांची ती चाचणी लाल, म्हणजे नापास, होऊ लागली.

‘अपेक्षित: एक. मिळाले: दोन.’

चाचणी एकच बेल वाजवत होती आणि पोटातल्याकडे दोन पोचत होत्या. पहिली होती ‘खोली-१: बेल’. ती चाचणीचीच. दुसरी होती ‘घर: बेल’.

चाचणीत घर नव्हतंच. खोल्या होत्या, जिना होता, एक न्हाणीघरसुद्धा होतं, पण नुसतं ‘घर’ कुठेच नाही. खुसपटने सगळा प्रोग्रॅम उलथापालथा केला. शब्दच सापडेना. आणि पोटातला तर आत्ता जन्मलेला, त्याला मागचं आठवायची सोयच नव्हती. तान्ह्या बाळाने डोळे उघडावेत आणि शेजाऱ्यांची चौकशी करावी, तसला प्रकार.

पुन्हा चालवली की चाचणी हिरवी.

या ‘पुन्हा चालव’वर ऑफिसची सगळी श्रद्धा होती. लाल आली, पुन्हा चालव. हिरवी झाली, मग मागची लाल झालीच नव्हती. शेजारच्या टेबलावर एक प्रोग्रॅमर बसायचा, त्याला सगळे पंखा म्हणत, कारण तो पंख्याखालची जागा सोडून बैठकीलाही उठायचा नाही. तो म्हणायचा, लाल निकालाचा स्वभाव डासासारखा असतो, लक्ष दिलं की गुणगुणतो. खुसपटही इतरांसारखाच लाल पाहायचा, पुन्हा चालवायचा, हिरवा पाहायचा, चहा प्यायचा. असे काही आठवडे गेले.

पण आता शुक्रवार जवळ आला होता. शुक्रवार म्हणजे वारही आणि शुक्रवारताईसुद्धा. शुक्रवारताई त्यांच्या गटाची प्रमुख. तिला प्रत्येक गोष्ट शुक्रवारपर्यंत हवी असायची, म्हणून हे नाव. एकदा तिने सोमवारची बैठक आदल्या शुक्रवारपर्यंत संपवून मागितली होती. या शुक्रवारी बेल खऱ्या निवासात बसणार होती, खऱ्या आजीच्या खऱ्या उशाशी.

"हिरवी आहे ना?" तिने विचारलं.

"दुसऱ्यांदा आहे," खुसपट म्हणाला.

"दुसऱ्यांदा म्हणजे आहे. मला पहिल्यांदाचं सांगू नकोस, मला झोप लागत नाही."

त्यालाही लागत नव्हती. नसलेल्या घरातून बेल येत असेल तर असलेल्या घरातली बेल कुठे जाईल? एखादी आजी बेल दाबून पडून राहील, उत्तरही येईल, आणि माणूस येणारच नाही. खुसपट काढायचं असेल तर हे. बाकी मेणबत्त्या.

आणि दुसरं एक होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ‘घर: बेल’ आली की खोटी परिचारिका तिलाही उत्तर द्यायची. मामांच्या कॉम्प्युटरवरून, मामांच्या शब्दात. ‘येतो.’

बुधवारी दुपारी त्याने ठरवलं, आज पोटातल्याला मरू द्यायचं नाही. त्याने चाचणी सुरू केली आणि मध्येच थोपवून धरली, म्हणजे ब्रोकर जन्मला आणि तसाच ताटकळत जिवंत राहिला. खोट्या परिचारिकेला बाजूला केलं. कुणाची बेल आलीच तर उत्तर द्यायला तो स्वतः बसला.

जेवणानंतरची ती वेळ. ऑफिस सुस्तावलेलं, खिडकीच्या पट्ट्यांमधून ऊन टेबलावर आडवं पडलेलं. कुणी बोलत नव्हतं. कुणी कुणाला गप्प केलेलं नसतानाही सगळं गप्प होतं, आणि ते खुसपटला आवडलं नाही. खुर्ची त्याला हळूहळू खाली नेत होती. पडदा रिकामा होता. इतका वेळ जगायची सवय नसलेला ब्रोकर, आता काय करू अशा चेहऱ्याने बसलाय, असं त्याला उगीच वाटलं.

मग पडद्यावर ओळ आली.

‘घर: बेल.’

खुसपटने खुर्ची पुढे ओढली. त्याने टाइप केलं, ‘कोण?’

जरा वेळ काहीच नाही. मग, ‘घर: बेल.’

एव्हाना पंखा आपली जागा सोडून त्याच्यामागे येऊन उभा होता, यावरून परिस्थितीचं गांभीर्य लक्षात यावं. त्याने पडदा वाचला, खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा पडदा वाचला.

"त्याला एकच बटण असणार," तो दबक्या आवाजात म्हणाला. "असं मोकळं विचारलंस तर तो काय सांगणार बिचारा? हो-नाहीचं विचार."

"तो म्हणजे कोण?"

"ते मी कशाला सांगू? माझी जागा तिकडे आहे."

खुसपटने श्वास घेतला. त्याने विरामचिन्हांसकट टाइप केलं, ‘मामा असाल तर एकदा दाबा. नसाल तर दोनदा.’ आणि पाठवून दिलं.

दोघं वाट पाहत राहिले. पंख्याच्या डोक्यावर पंखा नसल्यामुळे त्याला घाम फुटला होता.

‘घर: बेल.’

खुसपटचा हात आपोआप तोंडावर गेला.

‘घर: बेल.’

‘घर: बेल.’

‘घर: बेल.’ ‘घर: बेल.’ ‘घर: बेल.’ पडदा वरून खालपर्यंत भरून गेला.

"एवढं म्हणजे काय?" पंख्याने विचारलं.

"एवढ्याचं ठरलं नव्हतं," खुसपट म्हणाला, आणि त्याच क्षणी टेबलावरचा फोन असा कडाडला की पंखा थेट आपल्या जागेवर जाऊन बसला.

आईचा फोन होता. आईचा आवाज काळजीचा होता, पण हसू दाबून धरल्यासारखा. म्हणाली, "मामीचा फोन आला होता. बेल दाबून दाबून बोट दुखलं म्हणाली. विचारत होती, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मामा असाल तर एकदा दाबा, असं काय लिहून पाठवलंस रे तिला?"

खुसपटने फोन ठेवला. पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचता वाचता सगळं एकेक करून त्याच्या डोक्यात उतरलं.

पोटातल्या ब्रोकरला दर जन्मी नवं, कुठलंही मोकळं दार द्यायचं असतं. त्या दाराला पोर्ट म्हणतात. दार दर वेळी बदललं की बाहेरच्या कुणाला ते सापडत नाही. मामांनी मात्र चाचणीत एकच दार कायमचं लिहून ठेवलं होतं, जगातले सगळे ब्रोकर वापरतात ते नेहमीचं. आणि त्याच दारावर, चाचणी चालू नसेल तेव्हा, ते याच कॉम्प्युटरवर आपला स्वतःचा एक घरगुती ब्रोकर चालवायचे. त्यासाठी ऑफिसच्या नेटवर्कच्या भिंतीला त्यांनी कधीतरी एक भोक पाडून घेतलं होतं. पलीकडच्या टोकाला मामी होती. तिच्यापाशी मामांनी घरी बनवलेली पहिली बेल होती, त्यांच्यासारखीच हट्टी. दाबली की पलीकडे कुणी भेटेपर्यंत ठोठावत राहायची. मामा गेले, त्यांचा ब्रोकर बंद झाला, भोक राहिलं. मामी बेल दाबायची आणि बेल बंद दारावर ठोठावत बसायची. मग इकडे खुसपट चाचणी चालवायचा, दोन-चार श्वास दार उघडायचं, बेल आत घुसायची, खोटी परिचारिका तत्परतेने ‘येतो’ म्हणायची, आणि आतले सगळे मरून जायचे. चाचणी लाल. पुन्हा चालव.

इतके दिवस मामीला कुणीतरी रोज ‘येतो’ म्हणत होतं.

तो उठला तेव्हा शुक्रवारताई दारातच उभी होती. कुठे निघालास, चाचणीचं काय झालं, असं तिने विचारलं.

"चाचणी बरोबर आहे, ताई," खुसपट म्हणाला. "लाल आहे तेच बरोबर आहे." मग "जातो" म्हणता म्हणता त्याने जीभ आवरली आणि काहीच न म्हणता जिना उतरला.

मामीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दारावर अजून मामांनी चिकटवलेली पट्टी होती, ‘बेल दुरुस्त आहे, हात आखडता घेऊ नये.’ त्याने दाबली. मामीने दार उघडलं, त्याला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, "आलास? फारच लवकर."

आत टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. एक तिचं. दुसऱ्यावर दुसरं ताट पालथं झाकलेलं, शेजारी पाणी भरलेला पेला. वाटेत त्याने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, ते सोडून त्याने झाकलेल्या ताटाकडे बोट दाखवलं.

"मामी," तो कठड्यावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसा बोलला, "मामा आता... ते आता जेवायला यायचे नाहीत."

"मला माहीत आहे," मामी म्हणाली. "ताट तुझं आहे. रोज येतो म्हणतोस. बस, गरम करते."

तो बसला. मामी स्वयंपाकघरातून बोलत राहिली. त्याच्या आईनेच तिला सांगितलं होतं, की पोराला ह्यांचंच टेबल दिलंय, ह्यांचाच कॉम्प्युटर. म्हणून तिने एकदा सहज बेल दाबून पाहिली. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ‘येतो’. तिला वाटलं, बरं झालं, पोरगा विसरला नाही. रात्री वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबली, पुन्हा ‘येतो’. कामं असतील, ती मनाशी म्हणायची. दमत असेल. आज म्हणालाय तर येईलच.

खुसपटने तिला सगळं सांगितलं. पोटातला ब्रोकर, कायमचं दार, भिंतीतलं भोक. मामीने मान डोलवत ऐकलं. मामांबरोबर संसार केलेल्या बाईला ब्रोकर नवा नव्हता.

"म्हणजे मी इतके दिवस बोलत होते ती कोण?"

"कुणीच नाही. खोटी परिचारिका. दोन-चार श्वास जगते."

मामीने यावर विचार केला. "बरी होती पण," ती म्हणाली. "निदान उत्तर तरी द्यायची."

ताट गरम होऊन आलं. ते ठेवताना तिने डावा हात वापरला. उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळलेली होती. खुसपटने पाहिलं आणि विचारलं. मामी म्हणाली, काही नाही, न्हाणीघरात पाय सटकला. बेल खिशात होती, दाबली.

"मग?"

"मग काय. पडून राहिले. बऱ्याच वेळाने पडदा उजळला. येतो."

"शेजारी हाक मारायची ना, मामी."

"तू येतो म्हणालास ना," मामी म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. नुसतं घडलेलं सांगावं तसं. पुढे बादलीचा आधार घेऊन ती आपली आपणच उठली, हे तिने मिठाचं भांडं सरकवत सांगितलं.

खुसपट खाली पाहून जेवत राहिला. त्या दिवशीही चाचणी लाल झाली असेल. त्याने पाहिली असेल. पुन्हा चालवली असेल. हिरवी झाल्यावर चहाला गेला असेल.

बेल टेबलावरच होती. साबणाच्या डबीएवढी पेटी, एक लाल बटण, वर दोन ओळींचा पडदा. शेवटचे दोन निरोप त्यात दिसायचे. वर होतं ‘कोण?’ आणि खाली ‘मामा असाल तर...’ इथेच जागा संपली होती.

"तुला कधी वाटलं नाही?" त्याने धीर करून विचारलं. "म्हणजे, मामाच असतील असं?"

"छे. ह्यांचं आधी ‘थांब’ यायचं. मग कितीतरी वेळाने ‘येतो’. मरणाने काय माणसाची सवय मोडते? हे नुसतंच ‘येतो’, ‘येतो’. मी म्हटलं, हा पोरगाच. याला म्हणायची घाई, यायची नाही." मग ती समोर बसली आणि इतके दिवस तो जे टाळत होता ते तिने विचारलं. "त्या दिवशी शेवटचं काय म्हणाले रे?"

खुसपटचा घास हातात राहिला. "‘थांब’ म्हणाले," तो म्हणाला. "मी काहीतरी विचारलं होतं. ‘थांब’ म्हणाले, म्हणून मी थांबलो. सगळ्यांना थांबवलं."

मामीने मान हलवली. पेल्यावरचं पाणी बोटाने पुसलं.

"म्हणजे पुढचं यायचं राहिलंय," ती म्हणाली.

गुरुवारी खुसपटने चाचणी दुरुस्त केली. पोटातला आता दर जन्मी वेगळ्या दाराने येऊ लागला, त्याचा पत्ता कुणालाच, अगदी खुसपटलाही, आधी कळणं शक्य नव्हतं. भिंतीतलं भोक बुजवून घेतलं. मामीची बेल त्याने ऑफिसच्या खऱ्या ब्रोकरला जोडली आणि तिचा निरोप थेट आपल्या फोनवर येईल असं केलं. एक निरोप, एक उत्तर, मध्ये कुणी खोटं नाही. उत्तराला ‘मदत येत आहे’ ठेवायचं का, असं फोनने विचारलं. त्याने ‘येतो’ ठेवलं. शुक्रवारी चाचणी पहिल्या फटक्यात हिरवी झाली. शुक्रवारताईला पहिल्यांदाचं सांगितल्यावर ती डोळे मिटून जरा वेळ गप्प बसली, तेव्हा पंख्याने घाबरून तिला हलवून पाहिलं.

आणखी एक झालं, ते फक्त खुसपटच्या लक्षात आलं. खुर्ची खाली बसेनाशी झाली. सकाळी जिथे ठेवावी तिथेच संध्याकाळी. दुरुस्तीवाला दुसऱ्या कुणाकडे आला होता, त्याने जाता जाता दाबून पाहिली आणि म्हणाला, वजन कमी झालंय.

पुढच्या आठवड्यात, काम संपत आलेलं असताना, त्याचा फोन थरथरला. ‘घर: बेल.’

त्याने लगेच ‘येतो’ दाबलं, फोन खिशात टाकला आणि उठला. पंख्याने विचारलं, एवढ्यात कुठे? "येतो," तो म्हणाला, आणि या खेपेला त्याचा अर्थ दोन्हीकडून खरा होता.

मामीने दार उघडलं. मनगटाची पट्टी निघाली होती. पडली-बिडली नव्हती, नुसती जेवायला बोलवत होती. टेबलावर दोन ताटं.

"सुधारलास," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आज अगदी ह्यांच्यासारखं केलंस."

"काय केलं?"

तिने हनुवटीने टेबलाकडे दाखवलं. बेलच्या पडद्यावर दोन ओळी होत्या.

‘थांब.’

‘येतो.’

खुसपटने फोन काढला. पाठवलेलं उघडून पाहिलं. एकच निरोप होता. ‘येतो.’ त्याच्याआधी काही नाही, नंतर काही नाही. अपेक्षित एक. त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मिळाले दोन.

कुठल्याही दुसऱ्या दिवशी त्याने इथे खुसपट काढलं असतं. ब्रोकर तपासला असता, बेल उघडून बघितली असती, मामीला ती पुन्हा दाबायला सांगितलं असतं. त्याचं तोंड उघडलंही होतं. त्याने ते मिटलं, फोन उलटा करून खिडकीत ठेवला आणि हात धुवायला गेला.

परत आला तेव्हा मामी दार लावायला निघाली होती.

"राहू दे थोडा वेळ उघडं," खुसपट म्हणाला.

मामीने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग टेबलावरच्या पेटीकडे. का, असं तिने विचारलं नाही. ती मांडणीपाशी गेली आणि तिने आणखी एक ताट उतरवलं.